पिंपळातली भिरूड

पिंपळाच्या बुंध्याशी ओल्या भुशाचा ढीग दिसला. वर पाहिलं, तर खोडातल्या भोकातून आणखी भुसा गळत होता.

हे झाड माझ्या माहेरच्या घरामागे आहे, महागावजवळ. भाऊ गेला तेव्हा त्याच्या अस्थी मातीत मिसळून मायनं ते लावलं. आमच्या बौद्ध वस्तीत असं करतात. भाऊ दुसऱ्यांच्या कपाशीवर फवारणीला जायचा. पाठीवर पंप, तोंडाला साधा रुमाल. एका संध्याकाळी डोळ्यांना दिसेनासं झालं म्हणाला, आणि दवाखान्यातून परत आलाच नाही. मी दारव्ह्याला दिलेली. माहेरी आले की आधी त्या झाडापाशी जाते.

कृषी सहायक येऊन म्हणाला, भिरूड लागलीय. लांब मिशांचा मोठा भुंगा. मादी सालीला चीर पाडून अंडी घालते, बोटाएवढी जाड अळी वर्षभर, कधी त्याहून जास्त, आत लाकूड खात राहते. आंब्यावर नेहमी दिसते, पिंपळावर त्यानं क्वचितच पाहिली होती. औषधात भिजवलेला कापसाचा बोळा भोकात कोंबून चिखलानं लिंपायचं, झाड हमखास वाचतं, असं त्यानं सांगितलं.

मी बाटली घेऊन आले, तर माय खोडाला पाठ लावून बसली.

"इथं ते विष नाही टाकायचं."

"माय, झाड मरून राह्यलं!"

"ज्यानं माह्या लेकाले नेलं, तेच त्याच्यावर टाकू?"

मी संतापले, तोंडाला येईल ते बोलले. ती हलली नाही. शेवटी तारेचा आकडा करून भोकात घातला. एक पांढुरकी अळी वळवळत बाहेर आली. बाकीचे बोगदे वळत वळत वर गेले होते, तार तिथवर पोचेना.

पावसाळ्यात खोडाला मोठी गोल भोकं पडली. भुंगे बाहेर पडले होते. एक मला फांदीची कोवळी साल कुरतडताना सापडला. राखाडी पाठ, त्यावर केशरी ठिपके, अंगाहून लांब मिशा. देखणा होता मेला. मी चपलेनं ठेचला.

दिवाळीपर्यंत झाड वाळलं आणि तोडावं लागलं. आतून नुसती चाळण झाली होती. मायनं एका बोगद्यात बोट घातलं, ते सगळं आत गेलं.

"तुह्यं औषध टाकू देलं असतं, तं वाचलं असतं काय वं?"

जन्मभर मी तिच्याशी वाद घालत आले.

"नाही माय," म्हटलं. "नसतंच वाचलं."

तिनं मान हलवली, आणि मग कुठे ती रडली.