एल्कच्या मोसमात बसलेला घट

माझा मुलगा अमेरिकेत इडाहो राज्यात नोकरी करतो आणि दर सप्टेंबरात धनुष्यबाण घेऊन डोंगरात एल्कच्या मागे जातो. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ. तिकडे म्हणे सरकारी जंगलात रीतसर परवाना काढून कुणालाही शिकार करता येते. इथे म्हैसूरजवळच्या नागरहोळेच्या रानात वाळकी काटकी उचलली तरी गार्ड अंगावर येतो. शिवाय याला बंदूक नको, बाणच हवा, कारण बाण मारायचा तर जनावराच्या अगदी जवळ जावं लागतं, आमच्या गेटपासून समोरच्यांच्या नारळापर्यंत, इतकं जवळ. सुट्टीत आला होता तेव्हा त्याने तोंडात कसलीशी चकती धरून एल्कच्या मादीची हाक काढून दाखवली. शेजारीण कंपाउंडवरून डोकावली. "यारिगादरू हुषारिल्वा, मिस?" घरात कुणाला बरं नाही का, म्हणून. मी शाळेत शिकवत होते, त्यामुळे सरस्वतीपुरममध्ये सगळे मला मिसच म्हणतात.

मी मूळची साताऱ्याची. लग्न होऊन म्हैसूरला आले, आधी चामराजपुरमच्या घरात, मग इथे. यांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते. त्या शौर्यातली एक गंजकी तलवार उरली आहे, आणि यांची स्वतःची मोहीम बँकेच्या शाखेपलीकडे कधी गेली नाही. नवरात्राचा घट मात्र अजून फौजेच्या शिस्तीत बसतो. नऊ दिवस अखंड दिवा, तो शांत होता कामा नये, आणि दिवा तेवत असताना घर रिकामं ठेवायचं नाही. ज्या बाईने वात लावली तिने उंबरा ओलांडायचा नाही. सासूबाई गेल्यापासून ती बाई मी. यांच्यावर एकदा दुपारभर दिवा सोपवला होता, तर क्रिकेटच्या नादात वातीवर एवढी काजळी धरली की माझा जीव खालीवर झाला.

त्या वर्षी मी मनाशी ठरवलं होतं, हे शेवटचं. गुडघे बोलायला लागले होते. साताऱ्याची बहीण दरवर्षी बोलावते, आणि लग्नानंतर माहेरचं नवरात्र मी पाहिलेलंच नाही. देवीला हात जोडून सांगायचं, आता पुरे कर बाई, आणि दसऱ्याला यांनाही सांगून टाकायचं. लोकांच्या लेखी मी फार भक्तिभावाने घटी बसायचे. खरं सांगायचं तर तिसऱ्या माळेपासून मला भिंती अंगावर यायच्या.

नवरात्र त्या वर्षी सप्टेंबरातच आलं आणि एल्कचा मोसम संपत आला होता. मुलाजवळ उपग्रहावरून निरोप धाडणारं एक यंत्र असतं, मुठीत मावेल एवढं. त्याची संध्याकाळ ती आमची सकाळ. आमची कॉफी गाळून होते न होते तोच त्याचा ठरलेला निरोप यायचा, ठीक आहे. टॅबवर नकाशा उघडला की तो जिथे असेल तिथे निळा ठिपका. त्या दिवशी सकाळी निरोप वेगळा होता. बाण लागला, माग काढतोय. यांनी तलवारीसमोर उगाच दोन अक्षता टाकल्या.

दुसऱ्या दिवशी कॉफी गार झाली तरी निरोप नाही. ठिपका एका ओढ्याच्या वरच्या अंगाला होता, आदल्या रात्री झोपताना पाहिला होता तिथेच.

"सुम्मने घाबरू नको मारायती," हे म्हणाले, उगाच घाबरू नकोस बाई, अशा अर्थाने. "बॅटरी खाली झाली असेल, अष्टे, एवढंच."

असं म्हणणारा माणूस पाच मिनिटांत चपला घालत होता. बेट्टदपुरच्या डोंगरावरच्या देवाला नवस बोलून येतो, संध्याकाळच्या आत परततो. मी म्हटलं, अहो, मी एकटी काय करू? तर म्हणाले, "तू दिवा बघ की." आणि गेले. मला इतका राग आला होता की तेल दिव्यात कमी आणि पाटावर जास्त ओतलं. काळजी दोघांना सारखीच, पण ती घेऊन एकाने बसमध्ये बसायचं आणि दुसरीने पाटावर. पुरुषांना घाबरायलासुद्धा बाहेर जाता येतं.

तेवढ्यात हॉलमधला लँडलाइन वाजला. तो फोन सगळ्यांनी मला काढून टाकायला सांगितला होता, आणि मी हट्टाने ठेवला होता, कारण पूजेच्या वेळी मी मोबाइल बंद करते. पलीकडे एक बाई होती, तिकडच्या बचावपथकाची, इंग्रजीत, सावकाश बोलणारी. तिने विचारलं, तुम्ही त्याची आई का? मी हो म्हटलं आणि स्टूलवर बसले.

मुलाने यंत्रावरचं संकटाचं बटण दाबलं होतं. पाय मोडलाय, एवढा एकच निरोप आला आणि मग यंत्र गप्प झालं होतं. डोंगरावर धुकं होतं, हेलिकॉप्टर जाणार नव्हतं. माणसं पायी निघणार होती. त्याचं वय, औषधं, अंगात काय घातलंय, सगळं विचारून झालं, आणि मग ती म्हणाली की आता नीट विचार करून सांगा. तो जिथे आहे तिथेच थांबेल, की सरपटत का होईना खाली ओढ्याच्या कडेने उतरायला बघेल? दोन वाटा होत्या आणि माणसं एकाच वाटेला पुरतील इतकीच. चुकीच्या वाटेने गेली तर दुसऱ्या वाटेवर पोचायला आणखी एक अख्खा दिवस जाणार, आणि तिकडे थंडी पडली होती.

इथे घट राखत बसलेल्या मला काय माहीत? त्या डोंगराचं नावसुद्धा मला धड उच्चारता येत नव्हतं. उघड्या दारातून नजर देवघरातल्या दिव्याकडे गेली आणि मला तो चौथीतला दिसला. मी आंघोळीला जाताना त्याला दिव्यापाशी बसवलं होतं, येईपर्यंत उठायचं नाही म्हणून. मी बाहेर आले तर अंगणात गाय शिरून झेंडूची रोपं फस्त करत होती, हा जागेवरून हाड हाड ओरडत होता, आणि चड्डी ओली झाली होती. उठला नव्हता. तिकडे मारलेल्या जनावराचं मांस रानात टाकून येणं गुन्हा असतो, हे त्यानेच मला सांगितलं होतं, आणि सांगताना त्याचा चेहरा त्याच चौथीतल्या मुलाचा झाला होता. ठिपका रात्रीपासून एका जागी होता, म्हणजे जनावर त्याला सापडलं असणार.

"तो हलणार नाही," मी सांगितलं. "त्याचं जनावर तिथे आहे. तो तिथेच बसेल."

"नक्की?"

मी नक्की म्हटलं. तिने आभार मानले आणि फोन ठेवला.

त्यानंतरचा दिवस मी कसा काढला ते मलाच माहीत. आधी फक्त घरात कोंडलेली होते, आता त्या एका शब्दात अडकले. चौथीतल्या चड्डीच्या भरवशावर मी परक्या माणसांना डोंगर चढायला लावलं होतं. तीस वर्षांत माणूस बदलत नाही का? वेदनेने जीव कासावीस झाला की कोण बसतं जनावर राखत? पुन्हा फोन करून सांगावं, मला माहीत नाही हो, दोन्हीकडे बघा, तर नंबर घ्यायचं सुचलंच नव्हतं. यांचा मोबाइल लागत नव्हता, डोंगरावर रेंज कुठली. हॉलमधून देवघरात जायचं, वात सारायची, पुन्हा हॉलमध्ये येऊन रिसीव्हर नीट ठेवलाय ना ते बघायचं. ठिपका होता तिथेच, पण गप्प झालेल्या यंत्राचा ठिपका हलणार तरी कसा.

शेजारीण माझा आवाज ऐकून आत आली. सगळं ऐकल्यावर माझा हात धरून म्हणाली, "नीवु होगि बन्नि मिस, नानु कूतिर्तीनि." तुम्ही जाऊन या, मी बसते दिव्यापाशी. इतक्या वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. गेट उघडंच होतं, रस्त्यावरून कॉलेजच्या मुली स्कूटरवर चालल्या होत्या. मी पायरीपर्यंत गेलेसुद्धा. आणि लक्षात आलं की मला कुठेच जायचं नाही. फोन आत होता. मी परत येऊन स्टूलवर बसले, आणि ती बिचारी माझ्यासाठी उप्पिट्टु, म्हणजे आपला उपमा, करायला स्वयंपाकघरात गेली. मला उपास आहे हे दोघींच्याही ध्यानात नव्हतं.

दिवेलागणीला फोन वाजला. तिकडे उजाडलं होतं. तीच बाई. सापडला होता. पाय घोट्यात मोडलेला, अंग गारठलेलं, पण शुद्धीवर. झाडाला टांगलेल्या मांसाखाली पाठ टेकून बसला होता, आणि माणसं दिसल्यावर आधी मांसाचं विचारलं. मी "थँक यू" म्हणाले, रिसीव्हर ठेवला आणि शेजारणीच्या गळ्यात पडून मोठ्याने रडले. हे अंगारा घेऊन आले तेव्हा आम्ही दोघी उप्पिट्टु खात होतो. देव पावला, म्हणाले. मी म्हटलं, हो, लँडलाइनवर.

दोन दिवसांनी मुलाचा हॉस्पिटलमधून फोन आला. मला रडायचं नव्हतं म्हणून मी भांडायला घेतलं. एवढे मित्र आहेत तिथे, एक तर शेजारच्याच गावात राहतो, मग यंत्रात नंबर म्हैसूरच्या लँडलाइनचा का? रात्री-अपरात्री मी उचलला नसता तर?

"तो मित्र फोन बंद करून झोपतो, आई," तो म्हणाला. "बाबा कुठे असतील गोत्तिल्ला, काही सांगता येत नाही. एल्कच्या सीझनला तुझं नवरात्र असतं ना जवळ. तू घर सोडत नाहीस. दुसऱ्या कुणाचा घालणार?"

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"शोधायला आलेल्यांनी सांगितलं, आई ठामपणे बोलली म्हणून सरळ वर आलो. पुढच्या वर्षीपण तोच नंबर ठेवतो हं."

पुढच्या वर्षी मी साताऱ्याला जाणार आहे, हे वाक्य जिभेवर तयार होतं. मला त्याचा राग आला, यांचा आला, देवीचासुद्धा आला. इतकी वर्षं ज्या कोंडवाड्याला मी कंटाळले होते, त्याच्यावर विसंबून हा पोरगा डोंगर चढत होता, आणि मला कुणी विचारलं नव्हतं. आणि तरीही कुणी विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं, हेही कळत होतं, त्याचा राग तर सगळ्यात जास्त.

"ठेव," मी म्हटलं.

दसऱ्याला यांना काही सांगितलं नाही. बहिणीला फोन करून एवढंच म्हटलं की आणखी थोडी वर्षं जमणार नाही, आणि लँडलाइन, वायर ओढून, स्टुलासकट देवघराच्या दाराशी आणून ठेवला.