हत्ताच्या शेगडीपायी

एसी दुरुस्तीच्या धंद्यात किस्से फिल्टरमधल्या धुळीसारखे साचतात. पण त्या शेगडीचा किस्सा सगळ्यांत वेगळा.

दुबईपासून दीडेक तासावर, हत्ताच्या डोंगरात आमच्या जुन्या कस्टमरचं, अबू सालेमचं, फार्महाऊस आहे. तिथे त्याची म्हातारी आई राहते. थंडीत ती कुडकुडते, म्हणून वर्षानुवर्षं गंजत पडलेला पेलेट स्टोव्ह, म्हणजे लाकडी भुशाच्या गोळ्या जाळणारी, विजेच्या बटणावर पेटणारी शेगडी, त्याला चालू करून हवी होती. माझे पार्टनर, रत्नागिरीचे हनीफभाई, मला न विचारता 'इन्शाल्ला' म्हणून मोकळे झाले.

"हनीफभाई, आपण गार करतो. गरम कधी केलंय?"

"त्यात काय, उलटं करायचं."

* * *

दुबईत, सिलिकॉन ओएसिसला घरी मी शेगडीचं मॅन्युअल उघडलं. धूर खोलीत उलटला तर कार्बन मोनॉक्साइड. वास येत नाही, माणूस झोपेतच जातो. मला जेवण जाईना. मुलगी डोकावली.

"बाबा, हीटर? इन दुबई?"

"अगं, एका आजीसाठी."

"देन डोन्ट किल हर," म्हणाली आणि निघून गेली.

* * *

फार्महाऊसवर जाऊन शेगडी उघडली, तर गोळ्या पुढे ढकलणारा स्क्रू जाम. जुन्या गोळ्या ओलीने फुगून सिमेंटसारख्या बसलेल्या. त्या छिन्नीने फोडल्या. मग हनीफभाईंनी धुराड्यात ब्रश घातला, तर कबुतराचं अख्खं घरटं काजळीसकट त्यांच्या डोक्यावर. अबू सालेमची आई त्यांना बघून दारातूनच मागे फिरली. थोड्या वेळाने तिने चहा नाही, साबण पाठवला.

* * *

नव्या गोळ्या मिळेनात. शेवटी दुबई मरीनाच्या एका पेट शॉपमध्ये सापडल्या, मांजरांच्या शी-शूसाठी ठेवलेल्या. निव्वळ लाकूडच आहे ना, म्हणून मी पाकीट पुन्हा पुन्हा वाचलं. गोण्या उचलताना दुकानदाराने विचारलं, "सर, कितनी बिल्लियाँ हैं?"

"एक भी नहीं. जलाना है."

त्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा कॅमेऱ्याकडे पाहिलं.

* * *

पहिल्यांदा पेटवताना भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला, खिडक्या उघडल्या. बटण दाबलं तसा खोलीत धूर, आणि अलार्म किंचाळायला लागला. शेगडी बंद करून पाहिलं, तर शेगडीच्या दाराचं दोरीसारखं सील एका कोपऱ्यात नीट बसलंच नव्हतं. ते बसवून पुन्हा पेटवली. धूर सरळ वर गेला, काचेमागे ज्योत स्थिरावली.

"खलास," हनीफभाई पुटपुटले.

"काय खलास?" मी आधी अलार्मकडे पाहिलं.

"काम."

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी हत्ताला फोन केला, कोणी उचलेना. अबू सालेम दुबईत, त्याचाही लागेना. हनीफभाई "यल्ला" एवढंच म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. वाटभर ते दुआ पढत होते आणि मी ते सील मनात पुन्हा पुन्हा बसवत होतो.

पोचलो, तर म्हातारी बाहेर ओट्यावर, शाल गुंडाळून, थंडीत कुडकुडत बसलेली. जिवंत होती.

"अम्मा, अंदर चूल्हा बंद हो गया?" मी विचारलं.

तिने नाही म्हणून मान हलवली आणि दाराकडे बोट केलं. मी आत डोकावलो. अलार्म शांत, खोली उबदार. शेगडीपासून जरा लांब, म्हातारीच्याच गादीवर, नुकतीच जन्मलेली शेळीची पिल्लं एकमेकांवर पाय टाकून पसरली होती. तिचा फोनही तिथेच, उशाशी.

"अम्मा, पर आप बाहर..."

तिने ओठांवर बोट ठेवलं आणि मोडक्या हिंदीत कुजबुजली.

"धीरे बोलो. अभी सोया है."