माझ्या अक्षरातली पिवळी पिशवी

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मी शहरातल्या फ्रीगंज भागात एका छोट्या नर्सिंग होममध्ये सिस्टर होते. पेशंटचे मास्क, ग्लोव्ह्ज, कापूस असं सगळं दुहेरी पिवळ्या पिशवीत जायचं आणि सुया पांढऱ्या कडक डब्यात. नव्या मुलींना हे मीच शिकवायचे. पण त्या दिवसांत अख्ख्या वॉर्डाला मिळून एकच डबा उरला होता, तोही दाराशी.

कचरा नेणारी गाडी तीन दिवस आली नव्हती. चौथ्या दिवशी सकाळी आली, आणि आमची सफाईवाली मौसी मागच्या खोलीतल्या पिशव्या बाहेर काढू लागली. ती माझ्याच वयाची, हिंदी बोलणारी. सगळे मौसी म्हणायचे म्हणून मीही म्हणायचे. एकदम ओरडली, "सिस्टर, कुछ चुभ गया!"

दोन-दोन ग्लोव्ह्जमधून सुई तिच्या तळव्यात शिरली होती. मी तिचा हात नळाखाली धरला, साबण लावला. ती जखम पिळायला लागली.

"दबाओ मत मौसी, पानी बहने दो," मी म्हणत होते, आणि नजर पिशवीवरच्या चिठ्ठीवर गेली. वॉर्ड, तारीख, ड्युटीची पाळी. अक्षर माझं.

सुई कुठल्या पेशंटची, हे कळायला मार्ग नव्हता. कावीळ, एचआयव्ही, काहीही असू शकत होतं. डॉक्टरांनी लगेच औषधं सुरू केली, रक्त तपासलं. पुन्हा दीड महिन्याने आणि मग तीन महिन्यांनी तपासायचं ठरलं.

चिठ्ठीवरचं अक्षर माझं आहे, हे मी कुणालाच सांगितलं नाही. नानाखेड्याला घरी आले की हात धुवायचे, पुसायचे, परत धुवायचे. नवरा म्हणाला, "अगं, कातडी निघेल. झालंय काय?" त्यालाही सांगितलं नाही. ती पाळी मनात सारखी फिरायची. एका आजोबांचा ऑक्सिजन उतरत होता, माझ्या हातात सुई होती, दार लांब होतं. पुढचं काही केल्या आठवेना. डॉक्टरांशी मात्र भांडले, प्रत्येक खाटेपाशी डबा ठेवायला लावला. तरी जिवाला चैन नव्हतं.

दीड महिन्याने मौसी तपासणीसाठी रक्त देऊन बाहेर आली, तेव्हा जिन्यातच बोलून टाकलं. "मौसी, वो थैली मेरी थी. सुई शायद मैंने ही डाली."

ती पायरीवरच थांबली. "इतने दिन से मैं अपने बच्चों को पास नहीं सुला रही, सिस्टर. और तुम रोज़ पूछती थीं, तबीयत कैसी है."

ती जिना उतरून गेली.

तीन महिन्यांचा रिपोर्टही साफ आला. तिने तो दोनदा वाचून घेतला आणि कामाला लागली. आता ती माझ्याशी बोलते, हसतेही. पण माझ्या वॉर्डातल्या पिशव्या तिने परत कधी उचलल्या नाहीत.