गढूळ पाणी वर का गेलं

तेव्हा आम्ही लखनौत निशातगंजला भाड्याच्या घरात राहत होतो. कॉलेजातून रजा घेऊन मी पीएच.डी. पूर्ण करत होते. नव्वदच्या दशकातला तो मे महिना मला चांगलाच आठवतो, कारण रजा जूनअखेर संपणार होती आणि माझा प्रयोग बिघडला होता.

प्रयोग साधा होता. स्वच्छ पाण्याने भरलेल्या लांब काचेच्या टाकीत एका टोकाने गढूळ पाणी सोडायचं. गाळामुळे ते जड होतं, म्हणून तळाशी जातं आणि नदीसारखं तळावरून पुढे धावतं. धरणांत आणि समुद्राच्या तळाशी गाळ असाच दूरवर जातो. त्याचा वेग मोजणं हे माझं काम. जानेवारीत सगळं छान जमलं होतं. प्रवाहाचं गोल, फुगीर तोंड टाकीच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचायचं.

मेमध्ये तेच प्रयोग पुन्हा करून दाखवायचे होते. टाकी तीच, गोमतीचा चाळलेला गाळ तोच, मापंही तीच. पण गढूळ पाणी तळावरून हातभर जाई, गाळ खाली बसू लागला की तळ सोडी आणि धुरासारखं वर चढे. चार दिवस हेच.

प्रयोगशाळेतले मदतनीस आलमबागहून सायकलने येत. वयाने माझ्या वडिलांएवढे. ते टाकीकडे बघून म्हणाले, "मैडम, इसको भी गर्मी लग रही है. ऊपर हवा खाने जा रहा है."

मला हसू आलं नाही. माझे मार्गदर्शक सर सकाळीच सांगून गेले होते, "जानेवारीचं बरोबर की आत्ताचं, ते सोमवारपर्यंत सांगा. नाहीतर ते प्रकरण काढून टाकू." ते प्रकरण म्हणजे निम्मा प्रबंध. मी रजा वाढवून मागण्याचा अर्ज लिहून पर्समध्ये ठेवला. कॉलेज ती देणार नाही, हेही माहीत होतं.

शनिवारी दुपारी लूच्या गरम झळा अंगावर घेत घरी आले आणि सरळ न्हाणीघरात शिरले. सासूबाई उन्हाळ्यापुरत्या सांगलीहून आल्या होत्या. त्या स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अगं, नळाचं घेऊ नकोस, पोळशील! पहाटे बादली भरून ठेवलीय, ती घे. काय बाई तुमचं लखनौ, विसणालासुद्धा गरमच पाणी!"

मी बादलीत हात घातला. गार. नळाखाली धरला आणि झटकन मागे घेतला. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी ते.

प्रयोगशाळेतही गच्चीवर टाकीच होती. काचेच्या टाकीतलं पाणी तळमजल्यावर तीन दिवस निवत असे. गाळ मात्र मी आयत्या वेळी नळाच्या पाण्यात कालवत होते. गरम पाणी हलकं. जरा गाळ खाली बसला की उरलेलं पाणी वर जाणारच. जानेवारीत दोन्ही पाणी सारखंच गार होतं, म्हणून काही जाणवलं नाही. घरी मे महिन्यात रोज पहाटे बादली भरून ठेवणारे आम्ही, प्रयोगशाळेत मला ते सुचलं नाही.

"आई, मी परत जातेय."

"अगं, अंघोळ?"

"आल्यावर."

मदतनीस निघायच्या तयारीत होते. त्यांना थांबवलं आणि थर्मामीटर लावला. गाळ कालवायच्या बादलीतलं नळाचं पाणी काचेच्या टाकीतल्यापेक्षा चौदा अंशांनी गरम. मग टाकीतलंच पाणी काढून त्यात गाळ कालवला, तो टाकीच्या टोकाशी ओतला आणि त्याला अडवणारं फाटक उचललं. गोल तोंड तळाला धरून निघालं ते थेट पलीकडच्या काचेवर आपटलं. वेळ जानेवारीच्या नोंदीशी जुळली. खात्रीसाठी आणखी दोनदा केलं. दोन्हीदा जुळली.

मी स्टुलावर बसले. चार दिवसांत पहिल्यांदाच भिंतीला पाठ टेकली.

"मैडम, मैंने तो पहले ही कहा था," मदतनीस म्हणाले.

म्हणाले होते खरे. मी वहीत तापमानाचा रकाना आखला, पर्समधला अर्ज फाडला आणि अंघोळीला घरी गेले.