कान पाहणारे काका

सगळ्या कर्जत तालुक्यात माझ्या मावशीच्या यजमानांइतका संशयी माणूस झाला नाही, आणि ज्याच्यावर इतक्या लोकांनी संशय घेतला असाही दुसरा झाला नाही. आम्ही त्यांना काका म्हणत असू. मुंबईच्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुण्यापासून सुरुवात करून ते नळ्यांत काय आहे हे डॉक्टरांच्या आधी सांगण्यापर्यंत पोचले होते. लढाईच्या दिवसांत नोकरी सोडून ते कर्जतला येऊन राहिले. कुणी म्हणे हवा मानवत नव्हती, कुणी म्हणे साहेबाशी भांडण झालं. काका म्हणत, "दोन्ही खोटं," आणि खरं काय ते कधीच सांगत नसत.

मुंबईहून येताना त्यांनी एक ट्रंक, दोन तांबे आणि एका विलायती डॉक्टराचं जुनं पुस्तक आणलं होतं. पुस्तकात म्हणे असं होतं, की काही माणसांच्या शरीरात जन्मापासूनच एखादी गोष्ट पचायची राहते. ती माणसं चारचौघांसारखी दिसतात, खातात-पितात, पण खाल्लेल्यातलं काहीतरी तसंच उरतं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. अशी लघवी उघड्यावर ठेवली की काळी पडते. माणूस चाळिशीपलीकडे गेला की त्याच्या कानाच्या कडेचं मऊ हाड निळसर-काळं दिसू लागतं, पाठ ताठते, गुडघे धरतात. आणि हे आईबाप देतात, तेही नकळत. एवढं वाचून कुणीही पुस्तक मिटून जेवायला बसलं असतं. काकांनी मात्र त्या दिवसापासून जगाकडे बघायचं सोडून जगाच्या कानांकडे बघायला सुरुवात केली.

बाजारात भाजीवाल्याशी बोलताना त्यांची नजर त्याच्या तोंडावर नसून कानावर असे. भाजीवाल्या बायका पदर पुढे ओढून घेत. एका सोनाराने तर हा मनुष्य गिऱ्हाइकांच्या कुड्या हेरतो अशी तक्रार केली होती. लग्नाच्या पंगतीत काका शेजाऱ्याला पहिला प्रश्न विचारत, "नवरानवरी एकमेकांची कोण लागतात?" आणि दुसरा, "तुमचे आजोबा कशाने गेले?" जिलबी वाढायला येण्याआधी शेजारी पान उचलून दुसऱ्या रांगेत गेलेला असे. काकांचं म्हणणं होतं की माणूस वयापेक्षा नात्यात जास्त खोटं बोलतो. म्हणून ते एकच प्रश्न तीन वाटांनी विचारत. "तुमची बायको तुमच्या मामाची मुलगी का?" नाही म्हटलं की थोड्या वेळाने, "तुमचे सासरे तुमच्या आईला काय म्हणून हाक मारतात?" आणि उठता उठता, "राखीपौर्णिमेला आई कुठे जाते?" तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण सापडत.

मावशीला निराळाच संशय होता. दर रविवारी पिशवीत बुचाच्या बाटल्या घालून हा माणूस कधी कडावला, कधी खालापूरकडे जातो, आणि संध्याकाळी भरलेल्या बाटल्या घेऊन येतो, याचा अर्थ तिने तिच्या परीने लावला होता. एकदा तिने बूच काढून वास घेतला. त्यानंतर दोन दिवस ती जेवली नाही, पण संशय मात्र फिटला. बेचाळीसनंतरचे ते दिवस. पोलिसांना झुडपामागेही माणूस दिसे. खालापूरच्या रस्त्यावर एका फौजदाराने काकांची पिशवी उघडली.

"यात काय आहे?"

"मूत्र."

"कुणाचं?"

"ते गुप्त आहे," काका म्हणाले. त्यांना म्हणायचं होतं की ज्याचं असतं त्याची अब्रू असते. फौजदाराने तो शब्द वेगळ्या अर्थाने घेतला आणि काकांना दिवसभर चौकीत बसवलं. सोडताना त्याने काकांना तंबी दिली, आणि काकांनी त्याला विचारलं, "तुमच्या घरात कुणाची पाठ लवकर ताठली होती का?"

मी तेव्हा कर्जतला मुलींच्या मराठी शाळेत शिकवत होते आणि मावशीकडे राहत होते. काकांचं डोकं जरा सरकलेलं आहे, याबद्दल मला काही संशय नव्हता. तरी रविवारी मी त्यांच्याबरोबर जाई, कारण बायका त्यांच्याशी बोलत नसत. "बाई, ह्यो सरकारचा मानूस हाय का?" त्या मला हळूच विचारत. रेशनची डोकी मोजायला आलाय, पोरं पलटणीत न्यायला आलाय, काहीही त्यांना पटे. फक्त मुतासाठी माणूस सहा मैल चालत येतो, हे मात्र कुणाला पटत नसे, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

अशात एकदा बाजारात काकांना ते कान दिसले. पळसदरीचा एक पन्नाशीचा शेतकरी, पाठ फळीसारखी ताठ, आणि कानांच्या वरच्या कडा शाईत बुडवल्यासारख्या. काका त्याच्या मागे मागे गावाबाहेरपर्यंत चालत गेले. शेवटी तो वळून हात जोडून म्हणाला, "सायेब, मी काय बी केल्यालं नाय. मला सोडा. माजी पोरगीच संकटात हाय." काकांनी त्याला बांधावर बसवलं आणि सगळं काढून घेतलं. त्याची मुलगी चंद्रा कडावला दिली होती, त्याच्याच थोरल्या बहिणीच्या, हिरूबाईच्या घरात. म्हणजे आत्याच सासू. चंद्राला चार महिन्यांचा मुलगा होता आणि त्याची दुपटी काळी पडत होती. राखेच्या पाण्यात धुतली की अधिकच काळी. भगताने सांगितलं होतं की ही भानामती आहे, सुनेच्या पायगुणाने घरात आलीय. येत्या अमावस्येआधी तिला आणि मुलाला कायमचं माहेरी पाठवायचं ठरलं होतं.

काका त्या दिवशी घरी आले ते जवळजवळ पळतच. आधी त्यांनी मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरांना पत्र टाकलं, मग जेवले. डॉक्टरांचं उत्तर चौथ्या दिवशी आलं. असं कुटुंब आपल्या भागात अजून कुणी नोंदलेलं नाही, गाव, नावं आणि वंशवृक्ष पाठवा, वैद्यकीय मासिकात तुमच्या नावासकट छापू. काकांनी ते पत्र मला दोनदा वाचायला लावलं. नळ्या धुतलेल्या माणसाचं नाव छापून येणार होतं, आणि त्या दिवशी त्यांनी मावशीला कधी नव्हे ते विचारलं, "तुला काय हवं?"

कुणाची करणी नसतानाही लघवी आपोआप काळी पडते हे दाखवायला रविवारी आम्ही कडावला गेलो. हिरूबाई दारातच उभी होती, हाडापेराने मोठी, कपाळावर आडवी आठी. काकांच्या बाटलीवर तिचा विश्वास नव्हता. "तुमीच त्यात कायतरी घालाल," ती म्हणाली. तिने स्वतःची लोणच्याची बरणी राखेने घासून आणली. मुलाची लघवी तिच्यात, शेजारच्या पोराची दुसऱ्या बरणीत, दोन्ही अंगणात उन्हात. आणि मांडीवर कोयता घेऊन ही बाई दोन्हींच्या मध्ये बसली. काकांना तिने दहा हातांच्या आत येऊ दिलं नाही. काका मात्र खूश होते. "अगं, अशी माणसं प्रयोगशाळेत मिळत नाहीत," ते मला म्हणाले.

दुपारी नातवाची बरणी वरून काळी पडायला लागली. जमलेली माणसं पुढे वाकली, कुणी थुंकलं, कुणी देवाचं नाव घेतलं. एकटी हिरूबाई बरणीकडे बघत नव्हती. ती समोरच्या गोठ्याकडे बघत होती. जे ठाऊक असतं त्याच्याकडेच माणूस असं बघायचं टाळतो, हे मी काकांच्या सहवासात शिकले होते. काकांनीही ते पाहिलं. त्यांनी गर्दीला अंगणातच थांबवलं आणि आम्ही आत गेलो, ते, मी, हिरूबाई आणि कोपऱ्यात मुलाला घेऊन बसलेली चंद्रा.

"तुमच्या भावाला लहानपणी कुणी सांभाळलं?" काकांनी विचारलं.

"मीच. आय शेतावर जायाची."

"त्याची दुपटी कुठल्या रंगाची होती?"

"काळी," ती चटकन म्हणाली. "आमच्यात ल्हान पोराला काळीच वापरत्यात."

काकांनी मान डोलावली. पुरुषाला यात खटकण्यासारखं काही नव्हतं. मी मात्र बायकांच्या जगातली. संक्रांतीचं बोरन्हाण सोडलं तर तान्ह्या मुलाच्या अंगाला काळं कापड कोण लावतं? "हिरूबाई," मी म्हणाले, "मग या नातवाची पांढरी का? रीत याच्यासाठी कशी मोडली?"

हिरूबाईने दार लोटून घेतलं. मग ती भिंतीला टेकून खाली बसली. "आयनं शपथ घातलेली," ती म्हणाली. "भावाचं बी आसंच व्हायचं. आयनं आपलं काळं लुगडं फाडून दुपटी केली, म्हंजी कुनाला दिसू नये. मला म्हनली, कुनाला कळलं तर तुज्याशी कोन लगीन करंल? ह्याची काळी झाली तवा मला वाटलं, आता समद्यांना माज्या म्हायेराचं कळनार. भगत म्हनला सुनेचं, मी म्हनलं बरं झालं."

चंद्रा इतका वेळ खाली बघत होती. ती म्हणाली, "आत्या, तुजं म्हायेर तेच माजं म्हायेर नाय का गं?"

मला त्या क्षणी हिरूबाईचा राग आला होता, पण ती ज्या तऱ्हेने रडली ते पाहून राग टिकला नाही. काका तिच्यासमोर जमिनीवर बसले. "बाई, तुमच्या पांढऱ्या भातात कधी एखादी लाल लोंबी निघते?" "निघती." "बी तर पांढरंच पेरलं होतं ना? पण आत कुठेतरी लाल दडलेलं असतं. एका बाजूने आलं तर दडूनच राहतं, दोन्ही बाजूंनी आलं तरच दिसतं. तुमच्याकडून तुमच्या मुलात आलं, तुमच्या भावाकडून सुनेत आलं, आणि दोघांचं मिळून नातवात दिसलं. यात कुणाची करणी नाही. पोर तुमच्या भावासारखं म्हातारं होईल. पाठ दुखेल, एवढंच."

"ह्ये तुमी लिवनार?" तिने विचारलं. "नावगाव?"

काकांनी खिशावर हात ठेवला. त्यात मुंबईचं पत्र होतं, मला माहीत होतं. "तुम्ही बाहेर जाऊन काय सांगता ते आधी बघू," ते म्हणाले. काकाच ते, तिथेही पूर्ण विश्वास टाकतील कसे?

हिरूबाई बाहेर गेली. कोयता भिंतीला टेकवून तिने जमलेल्यांना सांगितलं, "सून जानार नाय. पोराचं रगतच तसं हाय. मुंबैच्या इस्पितळात आशी पोरं लई हायेत, ह्ये सायेब म्हनत्यात." काकांनी मुंबईत असं एकही मूल पाहिलं नव्हतं. चारी बाजूंनी नजरा त्यांच्याकडे वळल्या. "लई," काका म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी मला उत्तर लिहायला बसवलं. चौकशीअंती माहिती चुकीची निघाली, कानांवर शाईचेच डाग होते, डॉक्टरांना उगीच तसदी दिली, क्षमा असावी. मी लेखणी खाली ठेवली. "काका, तुमचं नाव छापून आलं असतं. गावाचं नाव न देताही लिहिता येईल." ते म्हणाले, "अगं, साऱ्या तालुक्यात तसे कान एकाच माणसाचे. ओळखायला किती वेळ लागतो?" मग सही करून त्यांनी ते पत्र मलाच टाकायला दिलं. वाटेत मी दोनदा थांबले. पण टाकलं.

तो रोग, ते कुटुंब कुठल्याही मासिकात आलं नाही. काका पुढे फार वर्षं जगले नाहीत. ते गेल्याच्या दहाव्या-अकराव्या दिवशी आमच्या दारात एक बाई आली, बरोबर नातवाला घेतलेली सून. सुतकाच्या घरी परक्या बायका येतात, दोन शब्द बोलतात आणि जातात, म्हणून मावशीने रीतीप्रमाणे विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?"

हिरूबाई उंबऱ्यातच बसली. "माज्या म्हायेरचं मानूस गेलं," ती म्हणाली.

मावशीला काही कळलं नाही. तिने तिला आत नेऊन जवळ बसवून घेतलं.