डाव्या खांद्यावरचा बिबा

बिबा घालावा तर हिच्याच हातचा, असं फुलसावंगीतल्या बायका माझ्याबद्दल म्हणायच्या आणि मला ते ऐकायला फार आवडायचं. खोटं कशाला बोलू? बिबा सुईला टोचायचा, चिमणीच्या ज्योतीवर धरायचा, काळं तेल सुटलं की गरम गरम दुखऱ्या जागी टेकवायचा. दुसऱ्याच्या हातचा बिबा उततो, अंगभर फोड येतात, माणूस खाजवून खाजवून बेजार होतं. माझ्या हातचा कधी उतला नाही. त्याचा मला एवढा ताठा होता की लग्नाकार्याला जातानाही बिब्यांची डबी पिशवीत असायची.

माझ्या मायच्या अंगावर तर माझ्या बिब्यांच्या फुल्याच फुल्या होत्या. तिला वीस वर्षांपासून आमवात. हाताची बोटं एका बाजूला वळलेली, मनगटं सुजलेली, सकाळी उठल्यावर दोन दोन तास मूठ उघडायची नाही. बाप लवकर गेला, भाऊ मला नव्हताच, म्हणून ती माझ्याकडे राहायची. आज गुडघा, उद्या मनगट, परवा मान. "वात हाय थो. त्याले पाय हायेत, फिरते," असं ती म्हणायची. तो जिथे जाईल तिथे मी बिबा घेऊन त्याच्या मागे.

एकदा तिला महागावच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तिचं मनगट उलटंसुलटं करून पाहिलं आणि भर गर्दीत माझ्यावर ओरडले, "हे कोणी जाळून ठेवलंय?" ओळखीपाळखीच्या चार बायका बसलेल्या. माझा संताप संताप झाला. मग त्यांनी मला समोर बसवून समजावलं, की या आजाराची सूज सांध्यांपुरती राहत नाही, ती आतल्या रक्तवाहिन्यांनाही धरते, म्हणून अशा माणसाच्या हृदयाला इतरांपेक्षा जास्त धोका असतो. छाती दाबल्यासारखी वाटली, जबडा किंवा डावा हात दुखला, धाप लागली, घाम फुटला, तर वात समजून घरी बसू नका, तडक या. माय कानानं थोडी कमी, ती आपली चिठ्ठीची घडी घालत होती. मी मात्र शब्द न् शब्द ऐकला. ऐकला आणि मनात म्हटलं, मोठा आला शहाणा! घरी आल्यावर मी कोणालाच काही सांगितलं नाही.

पुढच्याच वर्षीची गोष्ट. ती कापसाची वाईट वर्षं होती. लाल्या रोगानं पानं लाल पडून झाडं वाळत होती, आणि जो काही कापूस हाती यायचा तो विकायला महागावच्या खरेदी केंद्रावर तीन तीन, चार चार दिवस बैलगाडी लावून बसावं लागायचं. माझा नवरा असाच गाडी घेऊन गेलेला, तीन दिवस झाले होते. सकाळी मी चूल पेटवत होते, तर खाटेवरून मायचा आवाज आला.

"वात खांद्यात गेला वं. दाढबी ठणकून राह्यली."

"रात्री उघडी झोपलीस, मंग काय होईन?" मी म्हटलं.

"पोटात मळमळते."

"काल वांग्याची भाजी कोणं दोन वेळा घेतली?"

अशी मी. बोलता बोलता डबी काढली, चिमणी लावली, मायच्या डाव्या खांद्यावर ओळीनं पाच फुल्या मारल्या. तिनं "स्स" पण केलं नाही. एरवी चटका बसला की माझ्या सासरच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी बाई ती, त्या दिवशी नुसती भिंतीकडे बघत होती. मला वाटलं, आराम पडला. मी तेल गरम केलं, तिचा हात मांडीवर घेऊन खांद्यापासून बोटांपर्यंत चोळत बसले. चांगली दोन तास बसले असेन. मध्ये उठून भाकरी टाकल्या, पुन्हा येऊन चोळलं.

समोर एका शिंप्याचं घर होतं. त्याची बायको, आम्ही तिला चाची म्हणायचो, विरजण मागायला आली. वाटी हातात तशीच धरून ती मायकडे बघत राहिली.

"अगे बाई, इतनी ठंडी में इसको पसीना कायकू आ रा?"

मी मायच्या कपाळाला हात लावला. बर्फासारखं गार आणि ओलं. आणि एकदम डॉक्टरांचा शब्द न् शब्द माझ्या कानात वाजायला लागला. जबडा. डावा हात. घाम. देवा रे, मी काय करून बसले!

"चाची, गाडी पाह्य वं! कोणाचीबी पाह्य!"

पण कापसाच्या दिवसांत गाडी कुठे मिळते? जीप गेलेली, टेम्पो गेलेले. चाची डोक्यावरची ओढणी सावरत रस्त्यावर पळाली आणि महागावला निघालेला एक कापसाचा ट्रॅक्टर तिनं आडवं उभं राहून थांबवला. ट्रॉली शिगोशीग भरलेली. चौघांनी मायला खाटेवरून उचलून वर कापसावर ठेवलं, मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. ती कापसात निम्मी बुडाली होती. रस्त्यात खड्डा आला तरी तिला धक्का बसत नव्हता, पण तिचा श्वास मला मोजता येत होता, एवढा तो थांबून थांबून येत होता.

"माय, बोल वं काही. शिव्या दे मले."

"दम... नाही," ती म्हणाली.

महागाव दिसायला लागलं आणि ट्रॅक्टर थांबला. पुढे बैलगाड्याच गाड्या. केंद्रावरची रांग पार गावाबाहेर रस्त्यावर आलेली, दोन्ही बाजूंनी लागलेली, मधून सायकलही जाईना. मी ट्रॉलीवर उभी राहिले आणि जेवढा गळा आहे तेवढा ताणून ओरडले, "माही माय मरून राह्यली रे! बाजूले व्हा!" मला धास्ती होती, की तीन दिवसांचा नंबर सोडून कोण हलेल? पण हलले. बैल सोडले, जुवं खांद्यावर घेतली, भरल्या गाड्या माणसांनी ढकलत कडेच्या चारीत उतरवल्या. त्यात कुठेतरी माझा नवराही होता, गाडी ढकलत. ट्रॉलीवर आपलीच सासू आहे हे त्याला ती जवळून गेली तेव्हा कळलं.

दवाखान्यात तेच डॉक्टर. त्यांनी छातीला तारा लावल्या, कागद निघाला, तो बघताच मायच्या तोंडात गोळी कोंबून म्हणाले, "चावा, चावा." मग लुगडं बाजूला केलं तर डाव्या खांद्यावर पाच ताज्या फुल्या. ते माझ्याकडे वळले. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"हे केव्हा घातलं?"

"सकाळी."

"म्हणजे किती वेळ झाला?"

"तीन तास. जास्तच," मी म्हटलं. ते कागदावर लिहीत राहिले.

तिथून तिला यवतमाळला हलवलं. अकरा दिवसांनी माय घरी आली. जगली, पण हृदयाचा एक भाग मेला, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. लवकर आणलं असतं तर वाचला असता. आता अंगणात दोन फेऱ्या मारल्या की तिला बसावं लागायचं. रोजच्या गोळ्या आयुष्यभराच्या, आणि त्या घेताना रोज भांडण. "कडू हायेत", "मंग घेतो", "ठेव तिथी".

आणि बाहेर काय सांगायची? "पोरीनं टायमावर बिबा घातला म्हून वाचली, नाही तं गेली होती मी!" बघायला येणाऱ्या प्रत्येकीला खांदा उघडून दाखवायची. मी आत चुलीपुढे मेल्याहून मेल्यासारखी. बोलायची हिंमत नव्हती, खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. गावानं वाहवा केली, मी ती गप गिळली.

तीन महिन्यांनी ढाणकीहून एक बाई एसटीनं आली, नवऱ्यासोबत. माझं नाव ऐकून आलेली. बोटं मायसारखीच वळलेली.

"ताई, दोन दिवस झाले, दाढ दुखते अन् पाठीत भरून येते. चार पावलं चाललं की धाप लागते. तुमच्या मायले घातला तसाच बिबा मलेबी घालून द्या."

माय खाटेवर बसूनच बोलली, "घाल वं पोरी."

मी डबी काढली. सगळे बिबे चुलीत टाकून दिले.

"बिब्यानं कोणी वाचलं नाही!" मी ओरडले. "डाक्टरनं मले सारं आधीच सांगतलं होतं. मले राग आला होता म्हून मी कोणाले सांगतलं नाही. मायचा जीव चालला होता अन् मी बिबा घालत बसली, तेल चोळत बसली. अर्धी तं मीच मारली तिले! उठा बाई, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा!"

त्या बाईच्या नवऱ्याच्या दंडाला धरून मी त्याला रस्त्यापर्यंत नेलं. महागावची एक जीप उभी होती, त्यात दोघांना बसवलं. डॉक्टरांना काय काय सांगायचं ते त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

परत आले तर माय तशीच बसलेली. मी तिच्या पायाशी खाली बसले, तिच्याकडे बघवेना.

"बिब्यानं वाचली नाही, हे मले माहीत होतं," ती म्हणाली. "डाक्टर माह्या कानाशीच तुले इचारत होता, किती वेळ झाला म्हून, तवा माहे डोळे मिटले होते. कान उघडे होते."

"मंग गावभर खोटं काहून सांगत फिरलीस?"

"माह्या जिवाचा आता काय भरोसा? उद्या मी गेली तं लोकायनं म्हटलं असतं, पोरीनं जाळून मारलं. म्हून म्या जिती असतानाच सांगून ठेवलं, का पोरीनं वाचवलं." तिनं वाकडा हात पुढे केला. "आता तुनंच सारं बोलून टाकलं. मले मरायचीबी सोय नाही ठेवली. दे इकडे थे गोळी."