यादीतून खोडलेला नमुना

बायकांच्या शरीरातली संप्रेरकं महिनाभर वरखाली होतात. त्याबरोबर रक्त गोठवणारं एक प्रथिनही कमीजास्त होतं का, हे मी अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत तपासत होते. तुलनेसाठी पाळीचा काही त्रास नसलेल्या बायकांचं रक्त हवं होतं. पण सुई म्हटली की सगळ्या मागे सरायच्या. शेवटी मी विक्रोळीला दादाच्या घरी गेले आणि वहिनीपुढे फॉर्म ठेवला.

"पाळी नियमित येते?"

"घड्याळ लावून."

पुढचा प्रश्न, रक्त किती जातं. "साधारणच ना?" मीच विचारलं.

"सगळ्यांना जातं तेवढंच," ती म्हणाली. सगळ्यांना म्हणजे तिच्या आईला आणि बहिणींना, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मी खूण केली आणि दोन नळ्या भरून घेतल्या. एक संप्रेरकांसाठी, ती बर्फात ठेवायची. दुसरी त्या प्रथिनासाठी, तिला बर्फ चालत नाही, गारठ्याने आकडा खोटाच खाली येतो. बोलण्याच्या नादात मी दोन्ही बर्फात ठेवल्या. लिंक रोडवर रिक्षा अडकली तेव्हा लक्षात आलं.

आकडा आला तो फारच कमी. बाकीच्या बायकांच्या निम्मासुद्धा नाही. बर्फाने घोळ केला, असं मी धरून चालले. सरळ मार्ग होता, आमच्या मॅडमना चूक सांगायची आणि रक्त परत घ्यायचं. पण असल्याच निष्काळजीपणावरून त्यांनी महिन्याभरापूर्वी मला सगळ्यांदेखत झापलं होतं. मी रजिस्टरमध्ये 'नमुना खराब' एवढंच लिहिलं आणि वहिनीला यादीतून खोडलं. कुणी विचारलं नाही. मी तर विसरूनही गेले.

दोन वर्षांनी वहिनीची दाढ काढली. दुपारी काढलेल्या दाढेचं रक्त संध्याकाळपर्यंत थांबेना. दादाचा फोन आला तेव्हा तो तिला घेऊन घाटकोपरच्या हॉस्पिटलात पोचला होता. मी गेले तर ती टॉवेल तोंडाशी धरून बसलेली, चेहरा पांढराफटक. डॉक्टर विचारत होते, घरात कुणाला असा त्रास आहे का? आणि मला तो आकडा आठवला.

"डॉक्टर, एक तपासणी करून बघाल?" मी प्रथिनाचं नाव सांगितलं.

तेच कमी निघालं. दुखणं जन्मापासूनचं, आईकडून आलेलं. औषध सुरू झालं, रक्त थांबलं, चार दिवसांत वहिनी घरी आली. दादा चाळभर सांगत सुटला, "माझ्या बहिणीने ओळखलं. डॉक्टर बघत राहिले!" त्यांनी सत्यनारायण घातला, वहिनीने सगळ्यांसमोर मला साडी दिली. मी ती घेतली. शेजारची एक काकू मला म्हणाली, तुझ्यासारखी मुलगी घरात हवी. मी हसलेसुद्धा.

मग पुतणीची तपासणी झाली. चौदा वर्षांची पोर, तिचाही रिपोर्ट तसाच. तो घेऊन मी विक्रोळीला गेले. वहिनी बांगडे साफ करत होती. त्या दिवशी मला गप्प राहवलं नाही.

"वहिनी, तुझा आकडा तेव्हाच कमी आला होता. मी फॉर्म भरून घेतला तेव्हा."

"म्हणजे?"

"मला वाटलं, बर्फामुळे आला. मॅडम ओरडतील म्हणून परत तपासला नाही."

तिचा हात थांबला. "दोन वर्षां?"

मी मान हलवली. चिडली की ती मालवणीवर येते.

"माझी दाढ जाऊं दे गो. ह्या दोन वर्षांत पोरीक मी काय काय बोललंय, ठाऊक आसा तुका? पाळीत शाळेत जाऊक नको म्हणायची. मी तिका आळशी म्हटलंय. एकदा मारलंय."

बांगडे तसेच टाकून ती मोरीत जाऊन हात धुवत राहिली, किती तरी वेळ. मी चपला घातल्या.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी जुनं रजिस्टर काढलं आणि खोडलेल्या ओळीशेजारी काय झालं ते माझ्याच अक्षरात लिहायला लावलं. शोधनिबंध अजून छापायला गेला नव्हता, म्हणून तक्ते नव्याने केले. एवढं निस्तरता आलं.

आता दर तीन महिन्यांनी वहिनी पुतणीला तपासणीला आणते. मी बरोबर असते. वहिनी माझ्याशी बोलते, पण लेकीमार्फत. "आत्याला विचार, गोळी जेवणाआधी की नंतर."

परवा रांगेत बसलो असताना पुतणीने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "आत्या, मग मी खरंच आळशी नव्हते ना?"

"नव्हतीस गं."

"आईला सांग ना."

"तिला ठाऊक आहे."

"तरी तू सांग."

मी सांगितलं. वहिनीने ऐकलं, फाईल मांडीवरून उचलून लेकीला जवळ ओढलं आणि माझ्याकडे बघितलं नाही.